पलटणीच्या कागदावर बायकोचं माहेरचं नाव : दुरुस्ती कशी करावी?

पांझरावाला · ६ जून

राम राम मंडळी. मी निवृत्त हवालदार, वय ७१, राहणार साक्री तालुका. मी सांगतोय आणि नातू टाइप करतोय. शुद्धलेखन त्याचं, बाकी चुका माझ्या.

१९७३ ला भरती, बावीस वर्षं नोकरी, १९९५ ला पेन्शन. तीस वर्षं पेन्शन बिनबोभाट येत गेली म्हणून कागद कधी उघडून पाहिले नाहीत. पेन्शन 'स्पर्श'वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर, गेल्यावर नातवाने मोबाइलवर माझी माहिती काढून दाखवली. नाव बरोबर, आर्मी नंबर बरोबर, रँक, भरतीची तारीख, सगळं बरोबर. खाली पत्नीचं नाव : कलाबाई. जन्मसाल १९५७.

नातू म्हणे, "आबा, ही कलाबाई कोण?" आणि आजी चुलीपाशी बसून हसते आहे.

सांगतो. लग्न १९७८ च्या मे महिन्यात. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिलं, सुनंदा. हे नाव माझ्या मोठ्या बहिणीने ठरवलेलं होतं, मला कोणी विचारलं नव्हतं आणि तेव्हा वाजंत्री इतकी जोरात होती की मला धड ऐकूही आलं नाही. सुट्टी संपली, पलटणीत हजर झालो. कंपनीच्या बाबूने रजिस्टर उघडलं, "शादी बनाया? वाइफ का नाम बोलो." माझ्या तोंडून पत्रिकेवरचं नाव निघालं. वय विचारलं, मी म्हटलं, असेल वीस-एकवीस. त्याने वजाबाकी केली आणि साल लिहून टाकलं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, निघाली. पुढे मुलं झाली, त्यांच्या ऑर्डरी निघाल्या, पण बायकोच्या नावाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही. म्हणजे चूक बाबूची नाही, चूक माझीच.

आता तिचं आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचं जॉइंट खातं आणि दीड एकराचा सातबारा, सगळीकडे सुनंदाबाई. आधारवर जन्म १-१-१९५८, कारण आधार काढणाऱ्या पोराला तिने "साठीला दोन कमी असतील" असं काहीतरी सांगितलं होतं.

हे मी तसंच राहू दिलं असतं. पण शेजारच्या गावचा एक नायक होळीनंतर वारला. माझ्यानंतर भरती झालेला, माझ्या आधी गेला. त्याच्या घरवालीचं नावही रेकॉर्डला वेगळं निघालं. ती बाई आता पिशवीत कागद घालून एसटीने हेलपाटे घालते. एका खिडकीवरचा माणूस म्हणतो, तुम्ही त्याच बाई आहात हे तुमच्या नवऱ्याकडून लिहून आणा. कुठून आणणार?

तर माझी विचारणा अशी : मी जिवंत आहे, सही करता येते, दोन पाय चालतात. सुरुवात कुठून करू?

कापूसकोंड्या · ६ जून

आबा, राम राम. सुरुवात कुठूनही करा, शेवट मात्र तुम्हाला माझंच नाव घ्यायला लावेल. आधारवाले म्हणतील पेन्शनचा कागद आणा, पेन्शनवाले म्हणतील आधार आणा. "आधार आणा काय म्हणता, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?"

वडिलांच्या वेळी आठ महिने हेच केलं. आजोबांचं नाव धुडकू. इंग्रजी कागदावर एका ठिकाणी डी-एच-यू-डी-के-यू, दुसरीकडे मध्ये एक ए घुसला, तिसरीकडे शेवटचा यू पळून गेला. देवाने पोर नेऊ नये म्हणून आपल्या लोकांनी धुडकू, उखर्डू, सुपडू, दगडू अशी नावं ठेवली. यमाला फसवता आलं, पण कारकुनाला फसवता येत नाही.

रेकॉर्डवाला बापू · ७ जून

हवालदार साहेब, जय हिंद. मी क्लार्क ट्रेडचा, नायब सुभेदार म्हणून निवृत्त. नोकरीची काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसात काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, डिस्चार्ज बुक (नोकरी सुटताना मिळतं ते) आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा हुकूम) हे मूळ कागद नव्हेत. ती पिल्लं आहेत. आई म्हणजे शीट रोल. भरतीच्या दिवशी तो उघडला जातो आणि जवानाबरोबर नोकरीभर फिरतो. लग्न, मूल, बढती, बदली, जखम, जे काही घडेल त्याची युनिटमधून पार्ट टू ऑर्डर निघते आणि त्या ऑर्डरचा नंबर टाकून शीट रोलवर नोंद होते. कुटुंबाची माहिती किंड्रेड रोलवर असते. नोकरी संपली की हे सगळं तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात जाऊन बसतं. पेन्शन मंजूर होते प्रयागराजला, पण प्रयागराजवाले स्वतःहून कोणाच्या बायकोचं नाव बदलत नाहीत. रेकॉर्ड ऑफिस जे लिहून पाठवतं तेच पीपीओवर चढतं. म्हणून बँकेत भांडून किंवा माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये भांडून काही होत नाही. त्यांच्या हातात पिल्लू आहे, आई दुसरीकडे आहे.

तेव्हा पहिलं काम अर्ज करणं हे नव्हे. पहिलं काम म्हणजे आपल्या शीट रोलवर आणि किंड्रेड रोलवर नक्की काय लिहिलं आहे ते पाहणं. रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, आर्मी नंबर, रँक, नाव, पीपीओ नंबर लिहा आणि प्रत मागा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. स्वतःचाच कागद आहे, मागायला लाज नको. कधी कधी शीट रोलवर बरोबर असतं आणि पीपीओवर उतरवताना चुकलेलं असतं. तसं निघालं तर काम निम्म्याने हलकं, कारण मग ती तुमची चूक राहत नाही, नुसती नकलेची दुरुस्ती होते.

तुमच्या बाबतीत मूळ नोंदच "कलाबाई" असणार. मग लागेल ते असं : दोन्ही नावं एकाच स्त्रीची आहेत असं तुमचं आणि वहिनींचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, आधार-पॅनच्या साक्षांकित प्रती, जोडीचा फोटो, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती, आणि सगळ्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं शिफारसपत्र. रेकॉर्डने मानलं की ते ऑर्डर काढतात, मग प्रयागराजहून शुद्धिपत्रक पीपीओ निघतो. त्याला आपले लोक कॉरिजेंडम म्हणतात. तो हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका, कोणी फोनवर "हो गया साहब" म्हटलं तरी.

भरीतपार्टी · ७ जून

बापू, यात एक भर. आपल्या भागात आडनावाची भानगड वेगळीच आहे. माझे काका शाळेत "पाटील". भरतीला गेले तेव्हा रहिवासी दाखल्यावर तलाठ्याने कुळाचं आडनाव लिहिलं, सोनवणे. फौजेत पंचवीस वर्षं सोनवणे. गावात कोणी सोनवणे म्हणून हाक मारली तर ते वळूनही पाहायचे नाहीत. मुलांना शाळेत घालताना पुन्हा पाटील. पोरगी इंजिनीअरिंगला लागली, माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा बाप सोनवणे आणि मुलगी पाटील. वय अठरा, प्रवेश झालेला, शेवटची तारीख दहा दिवसांवर, आणि घरात सगळे एकमेकांकडे पाहताहेत.

त्या वर्षी शिष्यवृत्ती हुकली. पुढे मुलांनीच राजपत्रात नाव बदलून सोनवणे करून घेतलं. काका म्हणाले, पाटीलकी तशीही राहिली नव्हती.

पांझरावाला · ७ जून

बापू, जय हिंद. एवढं नीट मला बावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पत्र टाकतो. पण लग्नाचा दाखला कुठून आणू? तेव्हा दाखले कोण काढायचं?

रेकॉर्डवाला बापू · ७ जून

आताही निघतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, गावात ग्रामसेवकच निबंधक असतो. जुन्या लग्नाचीही नोंद होते, उशिराचा दंड भरावा लागतो. तीन साक्षीदार लागतील. लग्न पाहिलेले तीन जण गावात अजून आहेत ना, ते आधी बघा. पत्रिका असेल तर सोनं समजा.

तापीकाठची · ८ जून

आबा, एक विचारू? सगळे पुरुष कागदांची यादी करताहेत. आजीला कोणी विचारलं का, तिला काय हवं?

पांझरावाला · ८ जून

ताई, तुमचं वाचून नातवाने लगेच विचारलं. आजी म्हणाली, "मना बापनी ठेयेल नाव शे ते. तुमनी पलटनमा तरी ऱ्हाऊ द्या."

मी गप्प बसलो. सासऱ्यांनी ठेवलेलं नाव सत्तेचाळीस वर्षांत या घरात कोणी घेतलं नाही. तिच्या माहेरी घ्यायचे, पण आता तिथे तिला कला म्हणणारं कोणी उरलं नाही, भाऊ गेल्या साली गेला. आणि ते नाव लिहिलेलं आहे कुठे, तर हजार मैलांवर एका रेकॉर्ड ऑफिसच्या कपाटात, माझ्या नंबराखाली.

तापीकाठची · ८ जून

मग उलटं करा ना! पलटणीचा कागद बदलू नका, आधार बदला. आधारवर नाव दोनदा बदलता येतं. पॅनही बदलता येतं.

कापूसकोंड्या · ८ जून

ताई, भावना कळते, पण मोजा जरा. आधार, पॅन, बँक, रेशन, मतदार, सातबारा, मुलांच्या दाखल्यांवर आईचं नाव, कोणाच्या पासपोर्टमध्ये आईचं नाव. एका बाजूला एक कागद आणि दुसऱ्या बाजूला दहा. सातबाऱ्यावर नाव दुरुस्त करायचं म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी, फेरफार. आजी तोपर्यंत नव्वदीला टेकेल.

भरीतपार्टी · ८ जून

"कलाबाई उर्फ सुनंदाबाई" असं करता येणार नाही का? दोघींचं मन राखलं.

रेकॉर्डवाला बापू · ९ जून

उर्फ लावू नका. मी स्वतः उर्फवाल्या फाइली पाहिल्या आहेत. माणसाला उर्फ समजतं, संगणकाला समजत नाही. आधारशी जुळवणी करताना तो अक्षर न अक्षर बघतो, एक जागा रिकामी जास्त असली तरी अडतो. मराठी माणसाचं नाव-वडिलांचं नाव-आडनाव आणि फौजेचं आडनाव आधी, यातच तो पुरेसा गोंधळतो.

ताईंचं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. पण दुरुस्ती करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो की कोणता कागद हलवायला सोपा. पत्नीचं नाव रेकॉर्डमध्ये बदलता येतं, पत्नीची जन्मतारीखही पुराव्यावर बदलता येते. फौजीची स्वतःची जन्मतारीख मात्र हलत नाही, भरतीच्या दिवशी जी लिहिली ती. तिथे आधारलाच झुकवावं लागतं.

एक_जूनवाला · ९ जून

बापू, माझी स्वतःची भरतीला लिहिलेली तारीख १ जून. सख्ख्या भावाची १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून. गुरुजी शाळेत नाव घालताना आईला विचारायचे, कधी झाला? आई म्हणायची, कपाशीला बोंडं धरली होती तेव्हा. गुरुजी म्हणायचे, बरं, एक जून. खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा. आता सत्तरी ओलांडल्यावर बदलता येईल का?

रेकॉर्डवाला बापू · ९ जून

नाही. सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये हरनाम सिंग खटल्यात सांगून ठेवलं आहे की सरकारी नोकराने जन्मतारखेची तक्रार वेळेत करायची, नोकरीच्या अखेरीला नव्हे. आणि तुम्ही-आम्ही सोडा, जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख होते. लष्कराच्या एका शाखेत त्यांचं जन्मसाल १९५० आणि दुसरीत १९५१. जानेवारी २०१२ मध्ये स्वतः सुप्रीम कोर्टात गेले, फेब्रुवारीत अर्ज मागे घ्यावा लागला आणि ३१ मे २०१२ ला निवृत्त झाले. चीफची तारीख हलली नाही, तिथे गुरुजींचा एक जून काय हलणार.

खान्देश_इतिहास · १० जून

या निमित्ताने सांगावंसं वाटतं की खान्देश आणि फौज यांचं नातं जुनं आहे. १८२५ मध्ये औट्रम साहेबाने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. ज्या भिल्लांशी कंपनी सरकार सातपुड्यात लढत होतं, त्यांनाच वर्दी दिली आणि...

मंच संचालक · १० जून

भाऊ, वेगळा धागा काढा, आवडीने वाचू. इथे आबांचं काम आधी.

सुभेदारांची सून · १२ जून

बायकोच्या जन्मतारखेबद्दल कोणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते. नावाइतकीच ती महत्त्वाची आहे. पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शनर ८० वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला शंभर टक्के. माझ्या सासूबाईंच्या पीपीओवर जन्मतारखेची जागाच कोरी होती. त्या काळी नुसतं "पत्नी : हयात" लिहिलेलं. त्यांची ऐंशी कधी झाली ते कोणालाच सिद्ध करता येईना. वाढीव रक्कम सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. थकबाकी मिळाली, पण त्या दीड वर्षात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पैसे तेव्हा हवे होते.

आबा, आजींच्या तीन तारखा होऊ देऊ नका.

पांझरावाला · १२ जून

सूनबाई, तीन होतील की काय अशी भीती आहेच. रेकॉर्डला १९५७, आधारला १९५८, आणि ती चौथीपर्यंत शाळेत गेली होती. तिथे काय लिहिलंय देव जाणे.

पांझरावाला · ३ जुलै

खबर देतो. पेरणी उरकली म्हणून वेळ मिळाला.

सासुरवाडी शिरपूर तालुक्यात, तापीकाठी. जिल्हा परिषदेची शाळा. मी, ती आणि नातू मोटरसायकलवर तिघं गेलो, पोलिसांनी पाहिलं नाही. हेडमास्तर तरुण, नम्र. म्हणाले, आजी, साठ वर्षांपूर्वीचं जनरल रजिस्टर शोधावं लागेल, बसा. कपाटाच्या वर गाठोडं होतं. कोपरे उंदरांनी खाल्लेले, शाई तपकिरी झालेली. नातू मोबाइलचा उजेड धरून होता. १९६६ च्या पानावर सापडलं. कला, मग बापाचं नाव, मग आडनाव. जन्मतारीख १ जून १९६०.

एक_जूनवाले भाऊ, अभिनंदन, तुमच्यात आणखी एक.

ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत होती. वरच्या ओळीवर तिच्या चुलत बहिणीचं नाव, खालच्या ओळीवर एका मुलाचं. म्हणाली, हा पुढे तापीच्या पुरात गेला. हेडमास्तरांनी निर्गम उतारा लिहून दिला, शिक्का मारला, चहा पाजला, एक रुपया घेतला नाही. असे लोक असतात हेही लिहायला हवं, इथे नुसत्या तक्रारीच वाचायला मिळतात.

म्हणजे ती माझ्या हिशेबापेक्षा तीन वर्षांनी लहान निघाली. १९७८ ला मी बाबूला एकवीस सांगितलं, ती अठराची होती.

कापूसकोंड्या · ३ जुलै

आबा, जरा थांबा. ५७ लिहिलेलं असेल तर ऐंशी लवकर भरतील, वीस टक्के तीन वर्षं आधी मिळतील. शाळेचा कागद कशाला बाहेर काढता?

पांझरावाला · ४ जुलै

भाऊ, ते माझ्याही डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू. पण ५७ ला कोणताच कागद धरून नाही, ते माझ्या तोंडचं साल आहे. उद्या तिला कोणी विचारलं की दाखव ५७, तर ती काय दाखवणार? मी तर तेव्हा नसणार. शाळेचा उतारा हातात आहे, तोच धरतो. आधार आधी त्यावर करून घेतो.

रेकॉर्डवाला बापू · ४ जुलै

बरोबर. क्रमही बरोबर. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाई करू नका, फॉर्म दोनदा वाचा. उताऱ्यावर नाव कला आहे आणि आधारवर सुनंदा, त्यामुळे विवाह नोंदणी आधी करा, दोन्ही नावं त्यात येऊ द्या. मग आधार, मग पॅन, मग रेकॉर्ड ऑफिस. उलट्या क्रमाने गेलात तर कापूसकोंड्या जिंकेल.

पांझरावाला · २६ जुलै

माझी काळी पेटी उघडली. वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक आणि नाव अजून स्पष्ट दिसतं. तळाशी लग्नाची पत्रिका सापडली. चि.सौ.कां. कला. मी ती पेटीत कधी ठेवली आठवत नाही. साक्षीदार तिघे मिळाले, एकाला ऐकू येत नाही पण सही झकास करतो. भटजी कधीच वारले, त्यांच्याऐवजी प्रतिज्ञापत्र चाललं. लग्नाचा दाखला निघाला. सत्तेचाळीस वर्षांनी कायदेशीर नवरा झालो.

एक_जूनवाला · २६ जुलै

जेवण कधी?

पांझरावाला · २७ जुलै

कानबाईच्या सणाला या. रोट आहेत.

हवाईदलवाला · २ ऑगस्ट

धागा वाचतोय. माझे वडील हवाई दलात होते. आम्ही दोन महिने जिल्ह्यातच फिरत राहिलो, कारण अर्ज कुठे पाठवायचा हेच कळत नव्हतं. कोणी पत्ते सांगेल का?

रेकॉर्डवाला बापू · २ ऑगस्ट

हवाई दलाच्या एअरमनचं रेकॉर्ड दिल्लीला सुब्रतो पार्कला, नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला. भूदलात ज्याचं त्याचं वेगळं. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार सागर, बॉम्बे सॅपर्स खडकी, तोफखाना नाशिक रोड, रणगाडेवाले नगर, सिग्नल जबलपूर, ईएमई आणि ऑर्डनन्स सिकंदराबाद, मेडिकल लखनौ. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना नाशिक रोड जवळ पडतं. बेळगाववाल्यांना भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट आहे. पण जायची गरज सहसा नसते. स्पीड पोस्टाची पावती आणि त्यावरची तारीख जपून ठेवा, तुमच्या प्रत्यक्ष हजेरीपेक्षा ती जास्त काम करते. 'स्पर्श'वरून केलेली विनंतीही तपासणीला रेकॉर्ड ऑफिसकडेच जाते, म्हणून पोस्टाने कागद आणि तिथे विनंती, दोन्ही करा आणि दोन्हीकडे शब्द तेच ठेवा.

तापीकाठची · ३ ऑगस्ट

आणि दाद लागलीच नाही तर?

रेकॉर्डवाला बापू · ३ ऑगस्ट

सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्याने झालेलं, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. पेन्शनचे वाद तिथे चालतात. पण नावाच्या दुरुस्तीसाठी वकिलाच्या पायरीवर जायची वेळ क्वचित येते. बहुतेक फाइली अडतात त्या एखादा कागद कमी असतो म्हणून, कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. मी त्या टेबलावर बसलेला माणूस आहे, माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. दिवसाला शेकडो पत्रं. ज्याच्या पत्रात पहिल्या ओळीत आर्मी नंबर नसेल ते पत्र आपोआप खाली जायचं. "माननीय महोदय, मी एक गरीब माजी सैनिक" इथून सुरू होणारी तीन पानी पत्रं असायची आणि नंबर कुठेच नाही.

पांझरावाला · १४ सप्टेंबर

आधार झालं, पॅन झालं. अर्ज गेला. पहिल्या ओळीत आर्मी नंबर. सैनिक कल्याण कार्यालयात शिक्का मिळाला, तिथले कल्याण संघटक स्वतः फौजी, त्यांनी दोन चुका दाखवून अर्ज पुन्हा लिहायला लावला आणि ते बरंच झालं.

पांझरावाला · १९ ऑक्टोबर

रेकॉर्डचं पत्र आलं. दोन वर्तमानपत्रांत, एक मराठी आणि एक इंग्रजी, जाहिरात देऊन कात्रण पाठवा. दिली. मराठी पेपरात आमची जाहिरात ट्रॅक्टर विकणे आणि हरवलेली गुणपत्रिका यांच्या मध्ये आली. "मी सौ. सुनंदाबाई, माझे लग्नापूर्वीचे नाव कला..." गावात तीन दिवस तिला सगळे कला म्हणत होते. पोरासोरांनीही म्हटलं. ती रागावली नाही.

सुभेदारांची सून · १९ ऑक्टोबर

त्या नायकांच्या घरवालीचं काय झालं आबा?

पांझरावाला · २० ऑक्टोबर

तिच्याही लग्नाचा दाखला काढला, साक्षीला मीच उभा राहिलो. तो फौजेत असताना त्याने तिला लिहिलेली पत्रं तिच्याकडे आहेत, त्यावर घरचं नाव आहे, पण पत्र म्हणजे दाखला नव्हे म्हणतात. त्याचे दोन सोबती सापडले, त्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली. फाइल गेली आहे. तो असता तर एका सहीचं काम होतं. तिला अकरा कागद लागले.

पांझरावाला · २१ डिसेंबर

शुद्धिपत्रक पीपीओ आला. 'स्पर्श'वरही दिसतंय. नातवाने वाचून दाखवलं, पत्नीच्या नावाच्या रकान्यात "कलाबाई"च्या जागी "सुनंदाबाई" असे वाचावे, जन्मतारीख १ जून १९६० अशी वाचावी.

मी तिला म्हटलं, ऐकलंस का, सरकारने कलाबाईच्या जागी सुनंदाबाई वाचावं म्हणून लिहिलंय. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही कायबी वाचा, माले काय."

शाळेचा उतारा मी काळ्या पेटीत ठेवायला काढला होता. तिने तो घेतला आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवला.

एक_जूनवाला · २१ डिसेंबर

आबा, तुमच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना इथे टाकाल का? माझ्या मोठ्या भावाच्या घरवालीचंही रेकॉर्डवर माहेरचं नाव आहे, काल रात्री पाहिलं.

पांझरावाला · २२ डिसेंबर

नमुना टाकून उपयोग नाही, प्रत्येकाची चूक वेगळी. भावाला घेऊन रविवारी घरी या. शीट रोलची प्रत मागवली नसेल तर आधी ते पत्र इथेच बसून लिहू. आणि येताना डिस्चार्ज बुक अस्सल आणा, झेरॉक्स नको, माझे डोळे आता झेरॉक्स वाचत नाहीत.